आगरकर आणि कोल्हापूर प्रकरण : छापलेल्या आरोपाची किंमत

गोपाळ गणेश आगरकर यांची ओळख महाराष्ट्राला 'सुधारक' पत्राचे कर्ते, बुद्धिप्रामाण्याचे पुरस्कर्ते आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून आहे. अवघ्या ३९ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी मराठी समाजाला विचार करण्याची जी सवय लावली, तिचा परिणाम आजही टिकून आहे. या आयुष्यातील एक प्रकरण मात्र बहुतेक चरित्रलेखांत थोडक्यात आटोपले जाते. १८८२ मध्ये आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक या दोन तरुण संपादकांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढले. देशकार्यातील पहिला कारावास म्हणून त्याचा गौरवाने उल्लेख होतो. तो गौरव अस्थानी नाही, पण त्याने प्रकरणाचे पूर्ण आकलन होत नाही. ही शिक्षा राजद्रोहाची नव्हती, बदनामीची होती. फिर्यादी कोणी इंग्रज अधिकारी नव्हता, कोल्हापूर संस्थानाचा भारतीय कारभारी होता. आणि ज्या पत्रांच्या आधारावर त्याच्यावर आरोप छापले गेले, ती पत्रे बनावट ठरली होती.

हेतू शुद्ध असणे आणि आरोप सिद्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी पत्रकारितेला हा धडा तिच्या उमेदीच्या काळातच मिळाला, आणि तोही तिच्या सर्वांत प्रामाणिक माणसांच्या अनुभवातून.

टेंभू ते पुणे

आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची होती. प्राथमिक शिक्षण कऱ्हाडला आजोळी झाले. इंग्रजी शिक्षणाची सोय पुढे होईना, तेव्हा कोवळ्या वयातच त्यांना कचेरीत उमेदवारी करावी लागली. शिकण्याची ओढ त्यांना रत्नागिरीला घेऊन गेली. तेथेही निभाव लागला नाही. अखेर वऱ्हाडात अकोल्याला नातेवाइकांच्या आधाराने त्यांचे शालेय शिक्षण पुरे झाले आणि १८७५ मध्ये ते मॅट्रिक झाले. 'वऱ्हाड समाचार' या पत्रात लिहिण्याचा सरावही त्यांनी अकोल्यातच केला. वृत्तपत्राची आणि त्यांची गाठ अशी विद्यार्थिदशेतच पडली.

पुढील शिक्षणासाठी ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. अंगावरचा एकच सदरा रात्री धुऊन सकाळी पुन्हा घालायचा, शिष्यवृत्ती, बक्षिसे आणि निबंधलेखन यांवर खर्च भागवायचा, अशा स्थितीत त्यांनी १८७८ मध्ये बी.ए. आणि त्यानंतर एम.ए. ही पदवी मिळवली. इतिहास आणि तत्त्वज्ञान हे त्यांचे आवडीचे विषय होते. जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा त्यांच्या विचारांवर खोल ठसा उमटला. एम.ए. झालेल्या माणसाला त्या काळी सरकारी नोकरीत मानाची जागा आणि भरघोस पगार सहज मिळत असे. आगरकर यांनी मात्र मोठ्या पगाराची आशा धरू नये, असे आपल्या आईला पत्राने आधीच कळवून टाकले. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकहितासाठी खर्च करण्याचा त्यांचा निश्चय झाला होता.

याच सुमारास डेक्कन कॉलेजात त्यांची टिळकांशी मैत्री जुळली. दोघांच्या स्वभावांत अंतर होते, पण देशाची उन्नती शिक्षणाशिवाय होणार नाही, याविषयी त्यांचे एकमत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सरकारी नोकरी सोडून १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. टिळक आरंभापासूनच त्यांच्याबरोबर होते, आणि एम.ए.ची परीक्षा आटोपल्यावर आगरकरही शाळेत दाखल झाले.

दोन पत्रे, दोन संपादक

शाळेच्या पाठोपाठ या मंडळींनी आर्यभूषण छापखाना काढला आणि वृत्तपत्रांच्या क्षेत्रात पाऊल टाकले. इंग्रजी 'मराठा'चा पहिला अंक २ जानेवारी १८८१ रोजी आणि मराठी 'केसरी'चा ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला. 'केसरी'चे संपादकपद आगरकर यांच्याकडे आले. 'मराठा'ची जबाबदारी टिळकांनी घेतली. आगरकर तेव्हा २४ वर्षांचे होते, टिळक त्यांच्याहून थोडे लहान.

तो काळ देशी भाषांतील वृत्तपत्रांना अवघड होता. १८७८ च्या कायद्याने देशी भाषेतील पत्रांवर सरकारची करडी नजर बसली होती. लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत १८८२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि संपादकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच वर्षी 'केसरी' आणि 'मराठा' यांच्या संपादकांना तुरुंगात जावे लागले, आणि तेही वृत्तपत्रांसाठी केलेल्या कोणत्याही खास कायद्यामुळे नव्हे. साऱ्या नागरिकांना सारखाच लागू असलेल्या भारतीय दंडसंहितेतील बदनामीच्या कलमांनी त्यांना गाठले.

कोल्हापूरचे प्रकरण

कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी चौथे शिवाजी महाराज होते. राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात असताना १८७० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले आणि त्यानंतर १८७१ मध्ये या बालकाला दत्तक घेण्यात आले. राजा अज्ञान, म्हणून सारा कारभार ब्रिटिशांच्या देखरेखीखाली चाले. पुढे संस्थानाचे कारभारी म्हणून रावबहादूर माधवराव बर्वे यांची नेमणूक झाली. वयात येत असलेल्या राजाच्या मनावर परिणाम झाला आहे, असे सरकारी गोटातून सांगितले जाऊ लागले. लोकांत निराळीच कुजबूज होती. राजाला वेड लागलेले नाही, त्याला वागणूकच अशी दिली जाते की त्याने वेडे व्हावे, असा संशय कोल्हापुरापासून पुण्यापर्यंत पसरला.

छत्रपतींच्या गादीविषयी महाराष्ट्राच्या मनात असलेली भावना लक्षात घेता हा संशय किती ज्वलंत होता, हे समजू शकते. १८८१ च्या अखेरीस 'केसरी' आणि 'मराठा' यांनी हा विषय हाती घेतला. तरुण राजाची हेळसांड होत आहे, त्याच्याभोवतीची माणसे विश्वासार्ह नाहीत, सरकारने चौकशी करावी, अशी मागणी त्यांनी लावून धरली. इथवरची टीका सार्वजनिक कारभारावरची होती. संस्थानाचा कारभार कसा चालतो, राजाची देखभाल कोण करतो, वैद्यकीय अभिप्राय कशाच्या आधारावर दिला जातो, हे प्रश्न विचारण्याचा वृत्तपत्रांना पुरेपूर अधिकार होता.

नंतर काही पत्रे पुढे आली. ती खुद्द बर्वे यांनी लिहिलेली आहेत आणि त्यांतून राजाविरुद्धचा कट उघड होतो, असे सांगण्यात आले. पुण्यातील अन्य मंडळींनीही त्यांवर विश्वास ठेवला होता आणि इतर पत्रांतूनही त्यांचा गवगवा झाला. या पत्रांच्या आधारावर 'केसरी' आणि 'मराठा' यांतील लिखाणाचा रोख बदलला. कारभारावरची टीका एका नामनिर्दिष्ट व्यक्तीवरील आरोपात बदलली. आपल्याच राजाला वेडे ठरवण्याच्या किंवा त्याचा घात करण्याच्या कारस्थानात हा कारभारी सामील आहे, असा त्या आरोपाचा आशय होता. एखाद्या राजसेवकावर याहून भयंकर आरोप होणे कठीण.

बर्वे यांनी फिर्याद केली. त्यांच्या बाजूनेही हे प्रकरण पाहिले पाहिजे. आरोप खरा नसेल, तर ज्या समाजात त्यांना वावरायचे होते, त्या समाजाच्या दृष्टीने ते स्वामिद्रोही ठरत होते. छापील कागद घरोघर पोचला होता. नाव परत मिळवण्याचा न्यायालयाबाहेर दुसरा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता.

कायद्याची कसोटी

भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या ४९९ आणि ५०० या कलमांत बदनामीची व्याख्या आणि शिक्षा सांगितली होती. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. व्याख्येला दहा अपवाद जोडलेले होते. पत्रकारितेच्या दृष्टीने त्यांतील पहिला अपवाद सर्वांत महत्त्वाचा. विधान खरे असेल आणि ते प्रसिद्ध करणे लोकहिताचे असेल, तर तो गुन्हा ठरत नाही. या दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. नुसते सत्य पुरत नाही आणि नुसता लोकहिताचा हेतू तर मुळीच पुरत नाही. सार्वजनिक सेवकाच्या कामासंबंधी सद्भावनेने मत व्यक्त करण्यालाही कायद्याने संरक्षण दिले होते. पण सद्भावना म्हणजे केवळ मनातला चांगला भाव, असे दंडसंहिता मानत नव्हती. योग्य ती काळजी आणि दक्षता न घेता केलेली कृती सद्भावनेची ठरणार नाही, असे तिच्या ५२ व्या कलमातच सांगितलेले होते.

आणखी एक अडचण आरोपीच्या वाट्याला येते. अपवादाचा आधार ज्याला हवा, त्यानेच तो सिद्ध करायचा असतो. अमुक व्यक्तीने अमुक अपराध केला, असे छापणाऱ्याने न्यायालयात ते पुराव्याने दाखवले पाहिजे. लोकांत तशी चर्चा होती, दुसऱ्या पत्रानेही तेच छापले होते, माहिती देणारा माणूस भरवशाचा वाटला, यांपैकी कोणतेही उत्तर आरोप खरा असल्याचा पुरावा होत नाही. दुसऱ्याचा आरोप आपल्या पत्रात उतरवून घेणारा संपादक तो आरोप स्वतःचाच करून घेत असतो.

पुरावा हाती असेल तर काय घडते, याचे उदाहरण मुंबईने २० वर्षांपूर्वीच पाहिले होते. गुजराती साप्ताहिक 'सत्यप्रकाश'चे संपादक करसनदास मुळजी यांनी १८६० मध्ये वल्लभ संप्रदायातील काही महाराजांच्या वर्तनावर गंभीर आरोप करणारा लेख लिहिला. जदुनाथजी महाराज यांनी त्यांच्यावर आणि मुद्रकावर ५० हजार रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. हा दिवाणी दावा मुंबईच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयात चालला. करसनदास यांनी आपले विधान खरे आहे, हीच भूमिका घेतली आणि ती साक्षीपुराव्याने उभी केली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या नामवंत वैद्यांची साक्ष त्यांच्या बाजूने झाली. १८६२ च्या एप्रिलमध्ये लागलेल्या निकालात मुख्य मुद्द्यावर करसनदास विजयी झाले. जातीचा रोष, बहिष्काराची धास्ती आणि हजारो रुपयांचा खर्च या सर्वांतून ते तरले, कारण त्यांच्या लेखामागे न्यायालयात उभे राहून बोलणारी माणसे होती.

आगरकर आणि टिळक यांच्यामागे कागद होते, आणि तेच कोसळले. ती पत्रे बर्वे यांची नाहीत, बनावट आहेत, असे निष्पन्न झाले. दोघांनी बर्वे यांची माफीही मागितली. ही माफी भित्रेपणाची नव्हती. आधार खोटा निघाल्यावर आरोप मागे घेणे हेच प्रामाणिक माणसाचे कर्तव्य होते. पण फिर्याद मागे घेतली गेली नाही. माफीने शिक्षा सौम्य होऊ शकते, गुन्हा पुसला जात नाही, हेही या प्रकरणात दिसून आले.

खटल्याचे दिवस

खटला चालू असतानाच या मंडळींवर मोठा आघात झाला. १७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचे अवघ्या ३१ व्या वर्षी निधन झाले. शाळा नवी, पत्रे नवी, छापखान्याचा व्याप, डोक्यावर खटला आणि आधारवड उन्मळून पडलेला, अशी ती स्थिती होती.

मदत अनपेक्षित दिशेने आली. जामिनाची मोठी रक्कम उभी करण्याचा प्रश्न होता. महात्मा जोतीराव फुले यांच्या पुढाकाराने रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी १० हजार रुपयांचा जामीन दिला. याच फुल्यांच्या लेखनावर चिपळूणकर यांनी 'निबंधमाले'त अत्यंत बोचरी टीका केली होती. मतभेद विसरून फुले आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी या संपादकांच्या पाठीशी उभे राहिले. लोकांनाही या दोघांच्या निःस्वार्थीपणाविषयी शंका नव्हती.

मुंबईच्या उच्च न्यायालयात १७ जुलै १८८२ रोजी निकाल लागला. दोघांनाही प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांच्या चारित्र्याविषयी लोकांचे मत काहीही असले, तरी न्यायालयापुढचा प्रश्न चारित्र्याचा नव्हता. छापलेले सिद्ध होते की नाही, एवढाच तो होता, आणि त्याचे उत्तर नकारार्थी होते.

एकशे एक दिवस

डोंगरीच्या तुरुंगातले दिवस खडतर होते. अपुरी जागा, निकृष्ट अन्न आणि पावसाळ्याची दमट हवा यांचा त्रास दोघांनाही झाला. आगरकर यांची प्रकृती मुळातच नाजूक होती. तरीही मन मात्र खचले नाही. दोघांचे वाद रात्री उशिरापर्यंत रंगत. देशाची उन्नती आधी राजकीय हक्कांनी होईल की आधी समाजसुधारणेने, हा पुढे महाराष्ट्राला दोन तटांत विभागणारा प्रश्न त्या कोठडीतही चर्चेला होता. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'च्या भाषांतराचे कामही आगरकर यांनी याच काळात केले. 'विकारविलसित' या नावाने ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले.

शिक्षेत सूट मिळून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे बाहेर आले. लोकांनी त्यांचे उत्साहाने स्वागत केले. त्या स्वागतात सत्यशोधक मंडळीही होती. आगरकर यांनी या अनुभवावर 'डोंगरीच्या तुरुंगात आमचे १०१ दिवस' हे छोटे पुस्तक लिहिले. मराठीतील तुरुंगाच्या आठवणींच्या लेखनात त्याचे स्थान अगदी आरंभीचे आहे. स्वतःला हुतात्मा म्हणून मिरवण्याचा मोह टाळून, प्रसंगी विनोदाची पखरण करीत, तुरुंग जसा दिसला तसा त्यांनी वर्णिला.

अहमदनगरचा शेवट

कोल्हापूर प्रकरणाचा अंत मात्र सुखाचा नव्हता. तरुण छत्रपतींना पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तेथे २५ डिसेंबर १८८३ रोजी, ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकरी सैनिकाशी झालेल्या झटापटीत झालेल्या दुखापतीमुळे त्यांचा मृत्यू झाला. ते तेव्हा विशीतच होते. १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव यांना दत्तक घेण्यात आले. तेच पुढे राजर्षी शाहू महाराज म्हणून देशाला परिचित झाले.

शिवाजी महाराजांच्या या मृत्यूने 'केसरी' आणि 'मराठा' यांची मूळ तळमळ किती रास्त होती, हे दिसून आले. राजाची देखभाल नीट होत नाही, चौकशी झाली पाहिजे, ही त्यांची मागणी वेळीच मान्य झाली असती, तर कदाचित वेगळे घडले असते. पण या घटनेने ती पत्रे खरी ठरली नाहीत आणि बर्वे यांच्यावरील कटाचा आरोपही सिद्ध झाला नाही.

या प्रकरणातील सर्वांत गंभीर गोष्ट इथेच आहे. अन्याय घडत असेल, पण तो करणारा माणूस कोण हे सांगणारा पुरावा खोटा असेल, तर त्या पुराव्याने दोघांचे नुकसान होते. ज्याचे नाव छापले गेले त्याची अब्रू जाते, आणि ज्याच्यासाठी लेखणी उचलली त्याची बाजूही दुबळी होते. बनावट पत्रे उघड होताच चर्चेचा विषय बदलला. राजाची अवस्था मागे पडली आणि संपादकांचा खटला पुढे आला. कारभाराला जाब विचारणारेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. पत्रे न छापता पत्रकर्त्यांनी चौकशीची मागणी धरून ठेवली असती, तर ती नाकारणे सरकारला अधिक अवघड गेले असते.

'सुधारक'

तुरुंगातून सुटल्यावर आगरकर पुन्हा शिक्षणाच्या आणि पत्राच्या कामाला लागले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. सामाजिक प्रश्नांवर टिळकांशी असलेले मतभेद मात्र वाढत गेले. १८८७ मध्ये आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले. ज्या पत्रासाठी कारावास भोगला, ते सोडणे त्यांना जड गेले असणार. पण न पटणाऱ्या मताचे संपादक म्हणून राहणे त्यांना अधिक जड वाटले.

ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' सुरू केले. पत्र मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघे. इंग्रजी बाजू आरंभी गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. बालविवाह, सक्तीचे वैधव्य, केशवपन, अस्पृश्यता, जातिभेद, स्त्रियांचे शिक्षण, कालबाह्य आचार अशा विषयांवर आगरकर यांनी जे लिहिले, त्याने पुण्याचा सनातनी वर्ग हादरून गेला. संमतिवयाच्या विधेयकावरून १८९१ पूर्वी जे रण माजले, त्यात 'सुधारक' आणि 'केसरी' आमनेसामने होते. वाद अनेकदा कडवट झाले, व्यक्तिगत टोलेही दिले-घेतले गेले. आगरकर यांची लेखणी मवाळ कधीच नव्हती.

तरीही 'सुधारक'मधील त्यांच्या महत्त्वाच्या निबंधांचा पाया पाहण्यासारखा आहे. त्यांचा हल्ला रूढीवर, समजुतीवर, तर्कातील भोंगळपणावर आहे. त्यासाठी लागणारा पुरावा गुप्त पत्रात शोधावा लागत नाही. तो वाचकाच्या घरात, त्याच्या शेजारी, त्याच्या स्वतःच्या आचरणात त्याला दिसत असतो. विधवेच्या केशवपनाचे क्रौर्य सिद्ध करायला कोणाची चोरलेली चिठ्ठी लागत नव्हती. म्हणूनच हे निबंध जहाल असूनही खोडून काढणे विरोधकांना साधले नाही. सनातन्यांनी मग तर्काऐवजी विटंबनेचा मार्ग धरला. पुण्यात आगरकर यांची ते जिवंत असतानाच प्रेतयात्रा काढण्यात आली. आपल्या नावाची राखरांगोळी होताना पाहणे काय असते, याचा अनुभव या वेळी त्यांच्या वाट्याला आला. त्यांचे लिखाण मात्र थांबले नाही.

१८९२ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. दम्याचा विकार बळावत चालला होता. शिकवणे, प्राचार्यपदाचे काम आणि पत्राचे लेखन या तिन्ही आघाड्यांवर ते अखेरपर्यंत उभे राहिले. १७ जून १८९५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे वेगळे बांधून ठेवले होते. मोठ्या पगाराची आशा धरू नये, असे आईला कळवणाऱ्या मुलाने तो शब्द शेवटच्या दिवसापर्यंत पाळला होता. त्यांच्यावर 'केसरी'त मृत्युलेख लिहिताना टिळकांना अश्रू आवरले नाहीत, असे सांगितले जाते.

आजच्या संदर्भात

टिळकांना पुढे १८९७ आणि १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा झाल्या. त्या आणि १८८२ ची शिक्षा यांत मूलभूत फरक आहे. राजद्रोहाच्या खटल्यात सत्ता लेखकाच्या मताला शिक्षा करीत होती, आणि तेथे शिक्षा भोगणे हेच उत्तर होते. बदनामीच्या खटल्यात एका माणसाचे नाव पणाला लागलेले होते, आणि तेथे पुराव्याखेरीज दुसरे उत्तर नव्हते. दोन्ही प्रकारांना एकाच माळेत ओवले, तर कोल्हापूर प्रकरणाचा धडा निसटतो.

दंडसंहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या ३५६ व्या कलमात बदनामीची व्याख्या आणि तिचे अपवाद जवळपास जुन्याच स्वरूपात आहेत. शिक्षेत समाजसेवेचा पर्याय जोडला गेला आहे. बदनामी हा फौजदारी गुन्हा असावा की नाही, यावर मतभेद आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही तरतूद घटनात्मकदृष्ट्या वैध ठरवली आहे. कायद्याचा धाक दाखवून न्याय्य टीका दडपण्याचे प्रयत्न होतात, हेही खरे आहे आणि त्यांचा प्रतिकार झालाच पाहिजे. पण त्या प्रतिकाराचे बळही पुराव्यातच असते.

कागद कोठून आला, तो ज्याचा म्हणून दिला जातो त्याचाच आहे हे कोण शपथेवर सांगेल, ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे विचारले का, नाव न घेता लोकहिताचा प्रश्न मांडता येतो का, आणि न्यायालयात उभे राहण्याची वेळ आली तर आपल्या बाजूने कोण बोलेल, हे प्रश्न छापण्यापूर्वी विचारायचे असतात. १८८१ च्या अखेरीस पुण्यातील दोन बुद्धिमान, निःस्वार्थी आणि निर्भय तरुणांनी ते पुरेसे विचारले नाहीत. त्याची किंमत त्यांनी तक्रार न करता मोजली. आगरकर यांच्या निर्भयतेचे स्मरण महाराष्ट्र नेहमीच करीत आला आहे. आधार खोटा निघताच बर्वे यांच्यापुढे नमते घेण्याचा जो सरळपणा त्यांनी दाखवला, त्याचीही आठवण त्या निर्भयतेच्या जोडीने ठेवली पाहिजे.